दादाच्या सरावाचा डबा

मित्रांनो, माझं झाकण सरकवून आत पाहिलंत, तर तुम्हाला नऊ लाकडी ठोकळे दिसतील. प्रत्येक ठोकळ्याच्या दोन बाजू लाल, दोन पांढऱ्या आणि दोन तिरप्या रेघेने अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या. तुम्ही लगेच खेळायला बसाल. माझी हरकत नाही. पण मी खेळण्याचा डबा नाही. मी एक जुना लाकडी डबा आहे, आणि एका मोठ्या माणसाला परीक्षेत पास करण्यासाठी मला बनवलं होतं. मी माझं काम चोख केलं. तेच माझं दुःख आहे.

माझा जन्म काशीमिऱ्याचा. हायवेच्या कडेला यंत्रं पाठवण्यासाठी मोठमोठी लाकडी खोकी ठोकणारा एक कारखाना आहे. तिथे नाथा नावाचा सुतार बत्तीस वर्षं काम करतोय. राजापूरकडचा माणूस. बोलायला कमी, हाताला पक्का. खोक्यांच्या फळ्यांचे तुकडे उरतात ते बहुतेक चहाच्या चुलीत जातात, आणि माझंही तेच झालं असतं. पण एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत नाथाने त्यातले बरे तुकडे वेगळे काढले. खिशातून मुलीने काढून दिलेली आकृती काढली आणि तिच्या मापाने ठोकळे कापले. मग कितीतरी वेळ तो त्यांच्या कडा घासत बसला. शेजारच्या कामगाराने विचारलं, एवढं काय घासतोस? तो म्हणाला, पोराच्या बोटात लाकडाची कूस जायला नको. पोरगा तेव्हा चौतीस वर्षांचा होता.

त्या पोराचं नाव सूरज. एकोणिसाव्या वर्षापासून त्याला फिट येते. तुम्ही फिट म्हणजे माणूस जमिनीवर पडतो असं ऐकलं असेल. सूरजला तसं क्वचित व्हायचं. बहुतेक वेळा तो बोलता बोलता थांबायचा, एकटक बघत राहायचा, ओठ चघळल्यासारखे हलवायचा आणि मिनिटाभराने परत यायचा. परत आल्यावर मधलं मिनिट त्याला आठवायचं नाही. घरच्यांना याची सवय झाली होती. पण गेली काही वर्षं फिट नसतानाही सूरजच्या हातून गोष्टी निसटायला लागल्या होत्या. सकाळचा निरोप संध्याकाळी पुसला जायचा. कुकर समोर दिसत असून त्याला कुकर हा शब्द सापडायचा नाही, मग तो म्हणायचा, "ते... शिट्टीवालं."

सूरज काशीमिऱ्याच्याच एका गोदामात कामाला होता. कुठलं पार्सल कुठल्या ट्रकमध्ये चढवायचं हे तो गेटवर उभा राहून बघायचा. एका महिन्यात दोनदा ट्रक बदलले, नाशिकचा माल वापीला गेला. गोदामाचे मॅनेजर जयकुमार यांनी त्याला बोलावून सांगितलं की डॉक्टरांकडून लिहून आण, डोकं ठीक आहे की नाही. तसे ते वाईट नव्हते. पण हे ऐकून घरातल्या सगळ्यांचं धाबं दणाणलं.

घरात तिघंच. नाथा, सूरज आणि सूरजची धाकटी बहीण संचिता. आई गेल्यापासून सूरजच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ संचिताच देत होती. सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत ती शिकवण्या घ्यायची. गणितात कच्ची मुलं तिच्याकडे यायची आणि सरावाने पुढे जायची. रोज करा, पुन्हा करा, झोपेतून उठवलं तरी यायला पाहिजे, असं ती त्यांना सांगायची. सरावाने सुटत नाही असं काही या जगात असेल, हे तिला कधी वाटलंच नाही.

फिटच्या डॉक्टरांनी सूरजला भाईंदरच्या पूर्वी मॅडमकडे पाठवलं. पूर्वी मॅडम मेंदूच्या कामाची तपासणी करतात. त्यांनी भाऊ-बहिणीला समोर बसवून समजावलं होतं, ते संचिताने घरी येऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं, म्हणून मलाही ठाऊक आहे. फिट येणाऱ्या मोठ्या माणसांत विचार करण्याच्या कामाचे पाच कप्पे तपासतात. आठवण, भाषा, लक्ष आणि वेग, नजरेने आकार ओळखणं आणि ठरवून एखादं काम पार पाडणं. प्रत्येक कप्प्याच्या निदान दोन चाचण्या असतात. त्या दोन्हींमध्ये गुण ठरलेल्या रेषेच्या खाली गेले, तरच तो कप्पा बिघडला असं लिहायचं, एकीने नाही. मग बघायचं, एकही कप्पा बिघडला नाही, एकच बिघडला, दोन बिघडले, की त्याहून जास्त. त्यावरून बिघाडाचा प्रकार ठरतो, आणि पुढे काय करायचं तेही. मॅडमनी शेवटी सांगितलं की यात पास-नापास काही नसतं.

या शेवटच्या वाक्यावर घरात कुणीही विश्वास ठेवला नाही.

तपासणीच्या दिवशी सूरज फार घाबरला होता, म्हणून मॅडमनी संचिताला आत बसू दिलं. त्याच्याकडून पंधरा शब्दांची यादी पाठ करून घेतली, चित्रांची नावं विचारली, लाल-पांढरे ठोकळे जुळवायला दिले. मग अर्ध्यातच त्याला ती एकटक बघण्याची फिट आली. फिटनंतरची तपासणी खरी धरत नाहीत. मॅडमनी पेपरवर काट मारली आणि तीन आठवड्यांनी या, पहिल्यापासून करू, असं सांगितलं.

पण त्या दिवसात संचिताने पाहायचं ते पाहिलं होतं. पंधरा शब्दांतले सूरजला चार आठवले होते. चित्रांतल्या कितीतरी वस्तूंपुढे तो गप्प बसला होता. रिक्षात बसल्या बसल्या तिने वहीच्या मागच्या पानावर यादी उतरवून काढली. विहीर, पोपट, गूळ, सुई, असे पंधराच्या पंधरा. चित्रं आठवून लिहिली. ठोकळ्यांच्या नक्ष्या काढल्या. आणि घरी येऊन बाबांना म्हणाली, "बाबा, मला असे नऊ ठोकळे करून द्या. दादा नापास होणार नाही."

असा मी आलो. नाथाने ठोकळ्यांना रंग दिला तो बिल्डिंगच्या गेटला लावून उरलेला. ठोकळे ठेवायला सरकत्या झाकणाचा डबा केला, तोच मी. संचिताने यादीचा कागद माझ्या झाकणाला आतून चिकटवला. चित्रं कापून ठोकळ्यांखाली ठेवली.

मित्रांनो, ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वात सुखाचे होते. हे सांगायला मला लाज वाटते, पण खरं आहे ते सांगतो. रोज संध्याकाळी शिकवणीची मुलं गेली की त्याच सतरंजीवर सूरज मांडी घालून बसायचा. संचिता शब्द म्हणायची, तो परत म्हणायचा. पहिल्या आठवड्यात सहा, मग नऊ, मग तेरा. नाथा दाराशी उभा राहून मनात मोजायचा. ठोकळ्यांत तर सूरजचा हात पहिल्यापासूनच सफाईने चालायचा. पंधरावा शब्द आला त्या दिवशी सूरज स्वतःवरच एवढा खूश झाला की त्याने मला उचलून कपाळाला लावलं. असं कौतुक माझ्या लाकडाच्या नशिबात येईल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सूरज तपासणीला गेला आणि सगळं धडाधड सांगून आला. मॅडमकडे मराठीतली तेवढी एकच यादी होती, तीच त्यांनी पुन्हा घेतली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. पाचपैकी एकाही कप्प्यात बिघाड नाही. नाथाने अर्धा किलो जिलेबी आणली. मला टीव्हीशेजारी, आईच्या फोटोखाली जागा मिळाली. आल्यागेल्याला तो मला दाखवायचा आणि म्हणायचा, लाकूड साधंच आहे, पण कामाला आलं.

पुढचं सांगताना माझा धीर होत नाही. पण सांगायलाच हवं.

गोदामात सूरज पुन्हा गेटवर उभा राहिला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, आणि बुद्धीवर काही परिणाम दिसत नाही म्हणून फिटची एक गोळी आणखी वाढवली. त्या गोळीने काही जणांचे शब्द अडकतात, हे त्यांना ठाऊक होतं. सूरजचे अडकत होतेच. पण कागद सांगत होता, अडकत नाहीत. दोन महिन्यांत पुन्हा ट्रक बदलले. जयकुमारांनी रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर ने खुद लिखके दिया है, दिमाग ठीक है. तो फिर तू जानबूझके करता है क्या?" महिनाअखेरीस त्याला घरी पाठवलं.

त्या संध्याकाळी नाथा पहिल्यांदा त्याच्यावर ओरडला. "डोकं ठीक आहे ना तुझं? मग ध्यान कुठे असतं? कामचोर झालायस नुसता." सूरज मान खाली घालून बसला. संचिता बाबांना थांबवू शकली असती. तिच्या तोंडाशी आलं होतं, मी तिच्याकडे पाहत होतो. पण तिने बोलून दाखवलं असतं तर रिपोर्ट खोटा ठरला असता. शिवाय तेव्हा तिला स्वतःलाही वाटत होतं की सरावाने आलं ते खरंच आलं. ती आत पोळ्या करायला निघून गेली.

आणि तिने आणखी एक गोष्ट केली. सूरजच्या गोळ्या तिने त्याच्याच हाती सोपवल्या. रागाने नाही, मायेने. त्याला वाटू दे की घरच्यांचा आपल्यावर विश्वास आहे. "आता तूच घेत जा दादा, तुला सगळं आठवतं," ती म्हणाली. मला त्याच आठवड्यात माळ्यावर टाकलं, जुन्या कुलरशेजारी. टीव्हीजवळची जागा नव्या वायफायला हवी होती.

माळ्यावरून दिसत नाही, पण ऐकू येतं. सूरजचा आवाज घरात कमी कमी होत गेला. कुणी काही विचारलं की तो म्हणायचा, "माझंच चुकतं." असं तो रोज म्हणायला लागला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की तो ठीक आहे, म्हणजे तो वाईटच असणार, असा हिशेब त्याने आपल्यापुरता मांडला होता.

श्रावणातल्या एका दुपारी, खाली शिकवणी चालू असताना, मला काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग मुलांचं रडणं. मग संचिता "दादा, दादा" म्हणत राहिली आणि तो उत्तर देईना. ती फिट थांबलीच नाही. शेजारच्या विमलाबाईंनी मुलांना आपल्या घरात नेलं, चौघांनी सूरजला जिन्याने उतरवलं. अकरा दिवस तो हॉस्पिटलमध्ये होता. त्याच्या कपाटात गोळ्यांची पाकिटं सापडली. काही दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या, काही दिवशी त्याने दोनदा घेतल्या होत्या. तो लपवत नव्हता. घेतली की नाही, हे त्याला आठवतच नव्हतं.

घरी परत आला तो सूरज आणखी गप्प होता. तीन महिन्यांनी, तब्येत सावरल्यावर, पूर्वी मॅडमनी त्याची पुन्हा तपासणी केली. या वेळी त्यांनी नवी यादी तयार केली होती. नवी चित्रं होती. आठवणीच्या दोन्ही चाचण्या रेषेच्या पार खाली गेल्या आणि भाषेच्याही दोन्ही. मॅडमनी संचिताला फोन करून सांगितलं की चौदा महिन्यांपूर्वी सगळं चांगलं असताना एकदम एवढं जाणं त्यांना पटत नाही, मेंदूत काही नवीन वाढत तर नाही ना याची डॉक्टरांना भीती वाटते, सूरजला पुन्हा ॲडमिट करून सगळं तपासावं लागेल. संचिताने फोन ठेवला. थोड्या वेळाने स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या अंगावर उजेड पडला.

ती मला ओढणीत गुंडाळून भाईंदरला घेऊन गेली. मॅडमच्या टेबलावर माझ्यासारखाच एक डबा होता. फॅक्टरीतला, गुळगुळीत, खरा. माझी मान खाली गेली असती, मान असती तर. संचिताने मला त्याच्या शेजारी ठेवलं.

"मॅडम, तो पहिला रिपोर्ट खोटा आहे," ती म्हणाली. "मी त्याच्याकडून सगळं पाठ करून घेतलं होतं."

मॅडमनी माझं झाकण सरकवलं. आतली यादी वाचली. पंधरा शब्द वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कितीतरी जास्त वेळ त्या त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. मराठीत एकच लिस्ट होती माझ्याकडे, दुसरी बनवायला टाइम काढला नाही मी. आणि तुम्हाला आत बसवलं." त्यांनी एक ठोकळा हातात घेऊन फिरवला. "हे तर उगाच केलेत. ठोकळ्यांत तो पहिल्या दिवशीच चांगला होता. त्याचा तो कप्पा कधी बिघडलाच नव्हता."

संचिताने विचारलं, तेव्हा खरं कळलं असतं तर काय झालं असतं. मॅडमना उत्तर द्यायचं नव्हतं, हे दिसत होतं. तिने पुन्हा विचारलं.

"तेव्हाच दोन कप्पे खाली दिसले असते," मॅडम म्हणाल्या. "ती गोळी वाढवली नसती, बदलून बघितली असती. त्याला गेटवरून काढून दुसरं काम द्या, असं गोदामाला लिहून दिलं असतं. आणि गोळ्या त्याच्या हातात देऊ नका, हे तर मी स्वतः लिहिलं असतं."

"आणि आता?"

"आता किती आधीच गेलेलं आणि किती त्या फिटने नेलं, ते नाही सांगता येणार. पहिलं माप असतं तर सांगता आलं असतं."

संचिता तिथे रडली नाही. खाली उतरून रिक्षात बसल्यावर तिने मला पोटाशी धरलं आणि मग तिचं रडू थांबेना. रिक्षावाल्याने काही न विचारता रिक्षा बाजूला घेतली. माझ्या झाकणावर त्या दिवसाचे डाग अजून आहेत.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी तिघांना बोलावून सूरजला समजावलं. दोन कप्प्यांत बिघाड आहे, आठवण आणि भाषा. आजारामुळे आहे, औषधामुळेही असेल, आळसामुळे नाही. सूरजने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे मी कामचोर नाही ना?" नाथा खुर्चीतून उठला, मुलाच्या पायाशी जमिनीवर बसला आणि त्याचा हात आपल्या कपाळाला लावून हुंदके देऊ लागला. बापाला असं पाहून सूरज गोंधळला. बाबा का रडतायत, हे त्याला कळेना. ते ओरडले होते, हे त्याच्या लक्षात नव्हतं. "कामचोर" एवढा शब्द मात्र राहिला होता.

गोळी बदलली. काही शब्द हळूहळू परत येतायत. कुकरला तो आता कधीकधी कुकर म्हणतो. गोळ्या पुन्हा संचिताच देते. गोदामात त्याच्या जागी दुसरा माणूस लागला आहे. नाथा मला चुलीत घालायला निघाला होता, पण मॅडम म्हणाल्या, राहू द्या, त्याचा हात यात रमतो. म्हणून मी आता सूरजच्या टेबलावर असतो. झाकणाच्या आतला कागद खरवडून काढला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी विसरत असेल, कुणाचा शब्द अडकत असेल, तर त्याला शिकवा, त्याच्याशी खेळा, त्याच्याबरोबर तासन्‌तास बसा. पण डॉक्टरांसमोर त्याला अडू द्या. त्याच्या वतीने उत्तर देऊ नका आणि त्याचं विसरणं झाकू नका. झाकलेलं दुखणं बरं होत नाही, ते फक्त एकटं पडतं. तुमचं त्याच्यावर प्रेम असेल, तर त्याला आहे तसा दिसू द्या. मला हे तेव्हा बोलता आलं असतं, तर मी ओरडून सांगितलं असतं.

मॅडमनी समजावल्यानंतर संचिताने एका संध्याकाळी सूरजला सगळं सांगितलं होतं. यादी, चित्रं, मी, गोळ्या. तिने त्याची माफी मागितली. सूरज म्हणाला, "तू शिकवायचीस ना, तेव्हा मला वाटायचं मी बरा होतोय. चांगले दिवस होते ते, संचू. जाऊ दे." त्या दिवशी ती बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवली.

दोन महिन्यांनी तो माझ्यापाशी बसला होता. हात आपोआप चालत होते, नक्षी बिनचूक जुळत होती. त्याने सहज विचारलं, हे ठोकळे कुठून आले? ती थबकली. ती संध्याकाळ त्याच्या आठवणीतून गेली होती, आणि त्याने दिलेली माफीही. तिने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी तो जाऊ दे म्हणाला नाही. उठून गॅलरीत गेला आणि दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

काल संध्याकाळी तो पुन्हा माझ्यासमोर बसला होता. शेवटचा ठोकळा लावून त्याने नक्षीकडे कौतुकाने पाहिलं. "संचू, किती छान केलंय गं कुणीतरी. आपल्याकडे कसे आले हे?"

संचिताने गॅस बंद केला, हात पुसले, त्याच्यासमोर येऊन बसली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.